‘हॉवर्ड्स एंड’मागचं भाड्याचं घर

१९१० साली आलेल्या ‘हॉवर्ड्स एंड’ या कादंबरीत सगळं भांडण एका घराच्या वारशाचं आहे. मिसेस विल्कॉक्स मरणापूर्वी पेन्सिलीने चार ओळी खरडून आपलं गावाकडचं घर मैत्रीण मार्गारेट श्लेगेलच्या नावे करते. घरची मंडळी ती चिठ्ठी जाळून टाकतात. घर म्हणजे इंग्लंड, आणि ते कोणाच्या हाती जाणार हा खरा प्रश्न, असं समीक्षक सांगत आले आहेत. ते बरोबरच आहे. पण लेखक ई. एम. फॉर्स्टर (देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचे १९२१ मधले खासगी सचिव, ते हेच) यांचं स्वतःचं घर पाहिलं की या प्रतीकात निराळंच काही दिसू लागतं.

मूळ घर हर्टफर्डशर परगण्यातलं, स्टीव्हनेजजवळचं रूक्सनेस्ट. फॉर्स्टर जेमतेम पावणेदोन वर्षांचे असताना वडील क्षयाने गेले. आईने १८८३ मध्ये हे घर भाड्याने घेतलं. पूर्वी तिथे हॉवर्ड नावाचं शेतकरी कुटुंब राहायचं. कादंबरीचं नाव तिथूनच आलं. कादंबरीतल्या एल्मच्या बुंध्यात डुकराचे दात ठोकलेले आहेत आणि त्याची साल चघळली की दाढदुखी थांबते, असा गावकऱ्यांचा समज आहे. असं दातवालं झाड रूक्सनेस्टच्या आवारात खरोखरच होतं. १८९३ मध्ये मायलेकांना ते घर सोडावं लागलं. मुलगा चौदा वर्षांचा होता. वारसाहक्कावरची इतकी गाजलेली कादंबरी लिहिणारा हा माणूस त्या घराचा वारस कधीच नव्हता, भाडेकरू होता. म्हणूनच की काय, कादंबरीत घर खरेदीखताने मिळत नाही. ज्याला ते कळतं त्याचं ते होतं.

त्यांच्या वाट्याला आला तो पैसा. बँकर घराण्यातली वडिलांची मावशी मारियान थॉर्नटन १८८७ मध्ये वारली आणि तिने आठ हजार पौंड मागे ठेवले. केंब्रिजचं शिक्षण आणि पुढचं निवांत लेखन त्यावर झालं. श्लेगेल बहिणीही व्याजावरच जगतात, आणि मार्गारेट ते स्वच्छ बोलून दाखवते.

समोर विल्कॉक्स आहेत: पश्चिम आफ्रिकेतल्या रबराचा व्यवसाय, मोटार, एकामागून एक घरं. त्यांच्यातल्या पुरुषांना गवताची ॲलर्जी, हा फॉर्स्टरचा फार मार्मिक चिमटा. तिसरा लेनर्ड बास्ट, तुटपुंज्या पगाराचा कारकून. तो या घरात येतो तो मरायलाच: वार तलवारीच्या सपाट बाजूचा, पण पुस्तकांचं कपाटही अंगावर कोसळतं. मार्गारेटची बहीण हेलन हिच्यापासून झालेला त्याचा अनौरस मुलगा पुढे घराचा वारस ठरतो. तिन्ही वर्ग एका छपराखाली आले खरे, पण त्यासाठी बास्टला मारावं लागलं. ही जुळणी मला फार सोयीची वाटते.

शेवटच्या प्रकरणात लंडनचं वाढतं शहर क्षितिजावर लालसर गंजासारखं दिसतं. ते प्रत्यक्षात आलं १९४६ मध्ये. नव्या कायद्याने वसवायचं पहिलं नवं शहर म्हणून सरकारने स्टीव्हनेजच निवडलं. लहानपणचा तो मुलूख नाहीसा होणार म्हणून त्याच वर्षी रेडिओवर बोलताना फॉर्स्टर हळहळले. उत्तर लंडनमधले आपले कामगार मित्र दोन खोल्यांत चार मुलं वाढवतात, त्यांना घरं हवीत, हे त्यांनी कबूल केलं. पण दोन्हींचा मेळ आपल्याला घालता येत नाही, असंही सांगितलं. ती घरं बांधली जाणार होती ती बास्टसारख्यांसाठीच.