दोन जिवांचं खायचं म्हणजे नक्की किती?

दिवस गेले की घरातले सगळे एकच सांगतात, आता दोन जिवांचं खा. त्यामागे माया असते, पण शरीराचा हिशोब वेगळा आहे, पहिल्या तीन महिन्यात जास्तीच्या कॅलरी जवळजवळ लागतच नाहीत, मधल्या तीन महिन्यात रोज साधारण 340 आणि शेवटच्या तीनात 450 जास्त लागतात, म्हणजे ताट काही डबल होत नाही.

शेवटचे महिने एवढे महत्त्वाचे का, तर 28 व्या आठवड्यात बाळ जेमतेम 1 किलोचं असतं आणि पुढच्या फक्त 12 आठवड्यात 3 किलोच्या पुढे जातं, आणि हे सगळं येतं आईच्या रक्तातून, वारेमार्फत (वार म्हणजे प्लॅसेंटा, गर्भाशयात बाळाला आईशी जोडणारा अवयव). तेव्हा आईची उपासमार झाली तर काय होतं हे नेदरलँड्समध्ये फार वाईट पद्धतीने कळलं. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने देशाच्या पश्चिम भागाचं अन्न अडवलं, रेशन दिवसाला 1000 कॅलरींच्याही खाली गेलं. ज्या आयांचे शेवटचे महिने त्या दुष्काळात गेले त्यांची बाळं सरासरी 300 ग्रॅमने हलकी जन्मली. पण ज्यांचे फक्त सुरुवातीचे महिने उपाशी गेले आणि नंतर खायला मिळालं, त्यांच्या बाळांचं वजन नॉर्मल भरलं! आणि तरीही मोठेपणी त्यांच्यात लठ्ठपणा आणि हृदयविकार जास्त दिसले. मला ही गोष्ट फार हलवून जाते, काट्यावर सगळं ठीक आणि आत मात्र उपासमारीची खूण राहिलेली.

उलट बाजू पण आहे. आईला गरोदरपणातली शुगर असेल तर साखर वार ओलांडून बाळाकडे जाते पण आईचं इन्सुलिन जात नाही, मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, चरबी साठते आणि वजन कधी 4 किलोच्या वर जातं, डिलिव्हरी अवघड होते.

दिवस राहण्याआधी आईचं वजन किती होतं हेही बघतात, नॉर्मल असेल तर नऊ महिन्यात साडेअकरा ते 16 किलो वाढ ठीक, आधीच जास्त असेल तर कमी वाढ पुरते.

अडीच किलोच्या आतलं बाळ झालं की पहिला प्रश्न आईलाच, नीट खाल्लं नाहीस का? कृपा करून असं विचारू नका. बीपी वाढलं, वारेचा रक्तपुरवठा कमी पडला, बाळ दिवस भरायच्या आधी आलं किंवा जुळं असलं तर तिने कितीही नीट खाल्लं तरी वजन कमी भरू शकतं.