चिमूटभर तांदूळ आणि जावाचं गाव

इंडोनेशियाच्या जावा बेटावर, मध्य जावातल्या खेड्यात घराच्या दर्शनी भिंतीवर, दाराशेजारी, एक लहानसं भांडं टांगलेलं असतं. पूर्वी ते बांबूच्या पेराचं किंवा रिकाम्या डब्याचं असे, आता बहुधा प्लास्टिकचा पेला असतो. संध्याकाळी घरातली बाई त्यात चिमूटभर तांदूळ टाकून ठेवते. रात्री गस्तीची पाळी असलेले पुरुष बोळाबोळातून फिरतात, एकेका भांड्यातले तांदूळ पिशवीत ओततात आणि पुढे जातात. या प्रथेचं नाव जिम्पितान, आणि ते 'चिमटीत धरणे' या अर्थाच्या शब्दावरून आलं आहे. महिनाभराचे तांदूळ विकून बोळातला दिवा, मयताचं सामान, अडलेल्या घराला मदत असे खर्च भागतात. गस्तीच्या चौकीवर केंतोंगान लटकलेला असतो, म्हणजे मधून पोकळ करून लांब चीर पाडलेला लाकडाचा किंवा बांबूचा ओंडका. त्यावर संथ ठोके पडले तर सगळं ठीक, आणि एकसारखा घाईघाईचा 'तितिर' वाजला तर आग, चोर किंवा पूर.

हे वाचून कुणालाही वाटेल की हे गाव युगानुयुगं असंच चालत आलं असावं. मलाही तसंच वाटत होतं. पण जावाच्या खेड्याचा इतिहास वाचू लागलं की ज्याला आपण परंपरा म्हणतो त्यातल्या कितीतरी गोष्टींना तारखा सापडतात. राजांनी, डचांनी, जपान्यांनी, स्वतंत्र देशाच्या सरकारने हे गाव आपल्या सोयीने मोडून पुन्हा बांधलं. दर वेळी गावकऱ्यांनी त्या नव्या साच्यात आपलं काहीतरी बसवलं. म्हणून त्या भांड्यातले तांदूळ मला फार मोलाचे वाटतात.

बेट केवढं, तेही आधी डोळ्यांसमोर आणायला हवं. जावा महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे, सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर, आणि २०२० च्या जनगणनेत तिथे १५ कोटींहून जास्त माणसं मोजली गेली. एवढी माणसं पोसली जातात ती ज्वालामुखींच्या जिवावर. मेरापीसारखे डोंगर राख ओकतात, नद्या ती खाली आणतात आणि खाचरं कसदार होतात. दुरून पाहिलं तर गाव दिसतच नाही. सावाह, म्हणजे पाण्याने भरलेली भातखाचरं, आणि मधोमध झाडांचं गर्द बेट. ते बेट म्हणजेच गाव. प्रत्येक घराभोवती 'पकारांगान' असतं. आपण परसबाग म्हणू, पण त्यात नारळ, फणस, केळी, पपई, कसावा, अळू, हळद, आलं असं सगळं एकमेकांच्या सावलीत वाढतं. भात संपल्यावरचे दिवस हीच बाग निभावून नेते.

गावाला तिथे देसा म्हणतात. शब्द आपल्या 'देश'चाच आहे, फक्त अर्थ आकसून गावापुरता राहिला. नवव्या-दहाव्या शतकातल्या कोरीव लेखांमध्ये मात्र गावासाठी 'वनुआ' हा जुना शब्द येतो, आणि गावच्या वडीलधाऱ्यांना 'राम' म्हटलेलं आढळतं. राजा एखाद्या गावाचा कर माफ करून तो देवळाला किंवा विहाराला लावून देई. अशा जमिनीला 'सीमा' म्हणत. हद्दीचा दगड रोवताना मेजवानी होई, हजर असलेल्यांना वस्त्रं दिली जात आणि दान मोडणाऱ्याला भयंकर शाप दिले जात. हे सगळं लेखात नोंदवलं जाई. शिलाहार आणि यादवांच्या काळातले गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारे कोरीव दगड, ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा मामला परका वाटणार नाही.

पुढच्या काळातल्या गावकारभाराची रचनाही आपल्याला ओळखीची वाटते. मुख्य तो लुराह, लिखापढी करणारा चारिक, पाण्याच्या पाळ्या पाहणारा उलू-उलू, लग्न-मयत आणि दुवा पाहणारा मोदिन. यांना पगार नसे. पदावर असेपर्यंत कसायला जमीन मिळे, तिला बेंगकोक म्हणतात. वतनाची आठवण होते, पण आपल्याकडे वतन घराण्यात मुरलं; बेंगकोक पदाबरोबर येतं आणि पदाबरोबर जातं.

कालगणनेपाशी मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे मराठी माणसाला थेट आपलं काहीतरी भेटतं. १६३३ मध्ये मध्य जावातल्या माताराम राज्याचा सुलतान आगुंग याने इस्लामी चांद्र महिने स्वीकारले. पण वर्षांचा आकडा मोडला नाही. तोवर जावात शक चालत होता, तोच शक. शके १५५५ होतं, ते तसंच पुढे मोजत नेलं. शिवाजी महाराज तेव्हा तीन वर्षांचे होते. चांद्र वर्ष लहान असल्यामुळे जावाचा आकडा हळूहळू पुढे सरकला. २०२४ मध्ये आपलं शके १९४६ होतं, तर त्याच वर्षी जुलैत जावाचं १९५८ साल सुरू झालं. एकाच आकड्यापासून निघालेल्या दोन मोजण्या, आता बारा वर्षांनी दूर.

त्याशिवाय सात वारांच्या जोडीला पाच दिवसांचा आणखी एक आठवडा आहे: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. त्याचं नाव पासारान, आणि पासार म्हणजे बाजार. आज या गावी, उद्या शेजारच्या, असा बाजार पाच दिवसांत फिरून परत येई. दोन्ही आठवडे एकमेकांत गुंफले की पस्तीस दिवसांचं चक्र तयार होतं. माणसाचा जन्मदिवस त्यावर ठरतो, लग्नाचा मुहूर्तही त्यावरच पाहतात. शेतीसाठी वेगळं सौर वेळापत्रक होतं. त्याचे बारा भाग, कुठला २३ दिवसांचा तर कुठला ४३ दिवसांचा, आणि प्रत्येकाची खूण पानगळ, किडे, पाऊस यांवरून सांगितलेली. १८५५ मध्ये सुराकार्ताचा राजा सातवा पाकुबुवाना याने ते पक्कं करून जाहीर केलं. आकाशात ज्या ताऱ्यांत आपण मृग पाहतो, त्यांत जावाचा शेतकरी 'वालुकू' पाहतो. वालुकू म्हणजे नांगर.

आता त्या काळाकडे येऊ, ज्याने गावाचा कणा वाकवला. १८११ मध्ये इंग्रजांनी डचांकडून जावा घेतलं आणि स्टॅमफोर्ड रॅफल्स पाच वर्षं तिथला कारभारी झाला. जमिनीची चौकशी करायला त्याच्याकडे मद्रासहून आलेला कॉलिन मॅकेन्झी होता, तोच पुढे भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. हिंदुस्थानात तेव्हा रयतवारीचा वाद रंगला होता. तीच कल्पना रॅफल्सने जावात नेली: जमीन सरकारची, शेतकऱ्याने खंड भरायचा. पण मोजणी धड झाली नव्हती, नोंदी नव्हत्या. शेवटी वसुली गावच्या मुख्याच्या हाती गेली, आणि लुराह गावाचा माणूस कमी आणि सरकारचा जास्त झाला.

डच परत आले. १८२५ ते १८३० जावाचा राजपुत्र दिपोनेगोरो याचं डचांशी युद्ध झालं, त्यात सुमारे दोन लाख जावावासी मेले आणि डचांची तिजोरी रिकामी झाली. ती भरायला १८३० मध्ये योहानेस व्हान डेन बॉश याने सक्तीची पीकपद्धत आणली. कागदावर गावाने पाचवा हिस्सा जमीन नीळ, ऊस अशा पिकांना द्यायची होती. प्रत्यक्षात जमीन जास्त गेली, पाणी गेलं, आणि माणसांचे दिवस तर मोजदादीपलीकडे गेले. अधिकारी आणि गावचे मुख्य यांना उत्पन्नावर टक्केवारी मिळे, मग वेसण कोण घालणार? १८४९-५० मध्ये दमाक आणि ग्रोबोगान या सुपीक भागांत दुष्काळ पडून हजारो माणसं भुकेने गेली. १८५० च्या दशकात डच सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा या बेटावरून जात होता. या आकड्यापुढे मला नेहमी थांबावंसं वाटतं.

याचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. वेठीचा बोजा जमीनधारकांवर होता, म्हणून तो वाटून घ्यायला जास्त लोकांना जमिनीत हिस्सा देणं सोयीचं झालं. कित्येक गावांत जमीन सामाईक करून आलटून पालटून वाटली जाऊ लागली. नंतरच्या डच लेखकांनी ही सामाईक मालकी पाहिली आणि 'जावाचं प्राचीन ग्रामसमाजवादी मन' असं तिचं कौतुक केलं. जे त्यांच्याच कारभाराने बऱ्याच अंशी घडवलं होतं, त्यालाच ते पुरातन म्हणत होते.

१८७० च्या जमीन कायद्यानंतर सक्ती ओसरली आणि खासगी साखर कारखाने आले. ते गावची खाचरं पाळीपाळीने खंडाने घेत. भाताचं पाणी उसाला जाई. पासुरुआनच्या संशोधन केंद्रात १९२१ मध्ये पीओजे २८७८ हा नामी ऊस तयार झाला. इथे धागा थेट आपल्या शेतात येतो. दख्खनच्या कालव्यांवर पुंड्या उसाची जागा आधी याच पीओजेने आणि मग को ४१९ ने घेतली, आणि या ४१९ ची आई पीओजे २८७८ हीच. आमच्याकडची जुनी माणसं नुसतं 'चारशे एकोणीस' म्हणत. पण ज्या वर्षांत आपल्याकडे कारखाने उभे राहत होते, त्याच वर्षांत जावाची गावं कोसळत होती. जागतिक मंदी आली, १९३२ मध्ये हिंदुस्थानाने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली, आणि जावाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक गेलं. १९३१ चं सुमारे २९ लाख टन उत्पादन १९३५ पर्यंत ५ लाखांवर आलं. तोडणीची, वाहतुकीची मजुरी एका फटक्यात बंद. आपल्या साखरेच्या इतिहासात ही बाजू कुणी सांगत नाही.

आता पुन्हा गस्तीकडे. १९४२ मध्ये जपानी सैन्य आलं. १९४४ च्या सुरुवातीला त्यांनी जपानमधली 'टोनारिगुमी' पद्धत जावावर लादली. दहा-वीस घरांचा एक गट आणि त्याचा एक प्रमुख. भात जप्त करायला, वेठीवर न्यायला माणसं निवडायला, कोण काय बोलतं यावर नजर ठेवायला ती रचना होती. जपानी गेले, गट राहिले. आज इंडोनेशियातल्या प्रत्येक ओळखपत्रावर पत्त्यात आरटी (शेजारगट) आणि आरडब्ल्यू (अशा काही गटांचा समूह) यांचे क्रमांक असतात. ही त्याच शेजारगटांची वंशावळ आहे. गावात रात्रीचा पहारा आणि चिमटीची भिक्षा यांची रीत होतीच, पण ज्या चौकटीत ती आज चालते, ती युद्धाने दिलेली आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी, पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या सुकार्नोंनी गावाकडूनच शब्द घेतला. १ जून १९४५ च्या भाषणात त्यांनी पंचशील मांडलं आणि म्हटलं की पाच तत्त्वं पिळून एकच उरवायचं असेल तर ते गोतोंग रोयोंग, म्हणजे मिळून ओझं उचलणं. खेड्यात त्याचं अस्सल रूप साम्बातान. घर बांधायचं असलं की शेजाऱ्यांना हाक घालायची, ते येतात, घरधनी जेवू घालतो, आणि त्यांच्या वेळी आपण जायचं. आपली इर्जिक, दुसरं काही नाही.

पण या एकोप्याचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. १९६० मध्ये जमीन सुधारणेचा कायदा झाला, अंमल होईना, तेव्हा भूमिहीनांनी स्वतःहून जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. गावं दोन तटांत फाटली. १९६५-६६ मध्ये लष्कराच्या पुढाकाराने कम्युनिस्ट ठरवलेल्यांची कत्तल झाली, देशभरात किमान पाच लाख माणसं मारली गेली, आणि मध्य व पूर्व जावाची खेडी त्यात सर्वांत जास्त भरडली. कित्येक ठिकाणी शेजाऱ्याने शेजाऱ्याला दाखवून दिलं. त्यानंतर दशकानुदशकं त्याच गल्लीत मारणारे आणि मेलेल्यांचे नातलग एकाच चटईवर स्लामेतानचं, म्हणजे शेजाऱ्यांना बोलावून केलेल्या विधीचं, जेवण जेवत राहिले.

पुढचा बदल रक्त न सांडता आला, पण बायकांना तो खोल लागला. जावात भात आनी-आनीने कापत. तळहातात मावणारं छोटं पातं, दोन बोटांमधून बाहेर आलेलं. त्याने एकेक लोंबी खुडायची. मोठा विळा दिसला तर भाताची देवी देवी स्री बिचकेल, म्हणून पातं मुठीत लपलेलं. कापणीला कुणीही बाई यावी, कापलेल्याचा ठरलेला वाटा, बावोन, घरी न्यावा. नाही म्हणण्याची रीत नव्हती. १९६० च्या दशकाअखेर ठेंगणे, लवकर येणारे, खतावर पोसणारे वाण आले. त्यांना विळा सोयीचा. उभं पीकच व्यापाऱ्याला विकण्याची तबासान पद्धत पसरली. व्यापारी विळे आणि तराजू घेऊन आपली माणसं आणू लागला, आणि बांधावर आलेल्या बायका परत जाऊ लागल्या. पाठोपाठ भात सडायच्या गिरण्या आल्या, काही वर्षांतच उखळ-मुसळाची मजुरी संपली. १९८४ मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाला, ही खरंच मोठी गोष्ट होती. पण फवारण्यांनी तुडतुड्यांचे शत्रूच मेले, तपकिरी तुडतुडे माजले, आणि १९८६ मध्ये सरकारला भातावरची ५७ कीटकनाशकं बंद करावी लागली. त्यानंतर शेतकऱ्यांच्या बांधावरच्या शाळा निघाल्या. त्यांत शेतकरी खाचरात उतरून किडे आणि कोळी मोजायला शिकले.

२७ मे २००६ च्या पहाटे योग्यकार्ताजवळच्या बांतुल भागात भूकंप झाला, सुमारे ५,७०० माणसं गेली, दीड लाखाच्या आसपास घरं जमीनदोस्त झाली. सरकारने घराचं अनुदान शेजाऱ्यांच्या छोट्या गटांमार्फत दिलं, आणि गटांनीच ठरवलं कुणाचं घर आधी. विधवेचं, म्हाताऱ्यांचं. साम्बातानला लोक जमले, आणि दोनेक वर्षांत बहुतेक वस्त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

२०१४ च्या ग्रामकायद्यानंतर गावांना थेट निधी येतो. तरुण जकार्ताला, कारखान्यांत, मलेशिया-तैवानला कामाला जातात आणि ईदला परततात, तेव्हा रस्ते तुंबतात. गस्तीच्या पाळीला माणसं पुरत नाहीत, म्हणून काही जण पाळी चुकल्याचे पैसे भरतात. तांदळाच्या जागी पाचशे रुपियाचं नाणं आलंच होतं. आता काही वस्त्यांत भिंतीवरच्या भांड्याशेजारी क्यूआर कोडचं स्टिकर लागलं आहे. गस्तीवाला मोबाईल समोर धरतो, घराची नोंद होते, आणि तो बॅटरीचा झोत बोळात पुढे टाकत शेजारच्या दाराशी जातो.