स्ट्रेप, अँटीबॉडी आणि नुस्त्याची गोष्ट

भाच्याचा घसा बसला होता, तो बरा झाला आणि तीनेक आठवड्यांनी गुडघे दुखायला लागले, म्हणून म्हापशाच्या डॉक्टरनी एएसओ टायटर करायला सांगितलं, म्हणजे घसा धरणाऱ्या स्ट्रेप जंतूविरुद्धची अँटीबॉडी (शरीर जंतूशी लढायला बनवतं ते प्रथिन) रक्तात किती आहे ते मोजणारी तपासणी. रिपोर्टवर ४००, बाजूला नॉर्मल २०० च्या खाली असं छापलेलं. ताई म्हणते, "अँटीबॉडी वाढल्यात म्हणजे बरंच ना रे?" आता हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं.

१८७४ मध्ये बिलरोथ नावाच्या सर्जनला चिघळलेल्या जखमांत मण्यांच्या माळेसारखे जंतू दिसले, त्यांना त्याने स्ट्रेप्टोकोकस नाव दिलं. पुढे १८९० ला बेरिंग आणि कितासातोने घटसर्प-धनुर्वातावर सीरम (अँटीबॉडी असलेला रक्तद्रव) काढलं, मग सगळ्यांना वाटलं की स्ट्रेपवरही असंच होणार. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मार्मोरेकने १८९५ ला घोड्याचं सीरम आणलंही, पण कुणाला गुण यायचा, कुणाला अजिबात नाही.

इकडे मेचनिकॉफ हा शास्त्रज्ञ सांगत होता की जंतूंना पांढऱ्या पेशी खातात, तर दुसरा गट म्हणे सगळी करामत रक्तद्रवाची. दोघांचंही अर्धं बरोबर होतं! १९०३ मध्ये राइट आणि डग्लसने दाखवलं की रक्तद्रवातलं काहीतरी जंतूला चिकटतं आणि मग पेशी तो चटकन खातात. त्याला नाव दिलं ऑप्सोनिन. ग्रीकमधलं ऑप्सॉन म्हणजे पावासोबतचं तोंडीलावणं, बरेचदा मासळीच, म्हणजे आपलं नुस्तेंच की, जे ताटात असलं की शीत, म्हणजे भात, आपोआप खाली उतरतं :) पुढच्याच वर्षी नॉयफेल्ड आणि रिम्पाऊने थेट स्ट्रेपच्या सीरमवर हे पाहिलं, त्यातल्या अँटीबॉडी स्वतः जंतू मारत नव्हत्या, फक्त पेशींना खायला सोपा करून देत होत्या.

मग मार्मोरेकचं का फसलं? याचं उत्तर बरंचसं रेबेका लान्सफिल्डच्या कामातून मिळालं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये तिने १९२८ ला एम प्रोटीन वेगळं केलं, जंतूच्या अंगावरचे केसच म्हणा, त्यामुळे पेशीला तो धरताच येत नाही, आणि त्यावरची अँटीबॉडी त्या एकाच प्रकारावर चालते. आज असे २०० च्या वर प्रकार माहीत आहेत, म्हणून एकदा घसा धरला म्हणजे सुटलो असं होत नाही, आणि लस अजून नाही ती बरीचशी यामुळेच.

जंतू पण लबाड. २००२ ला स्वीडनच्या लुंडमध्ये त्याचं एक एन्झाइम सापडलं, ते वाय आकाराची अँटीबॉडी कंबरेत कापतं, वरचे हात जंतूला चिकटून राहतात पण पेशी जी शेपटी पकडते तीच गळून पडते. मला तरी हे वाचून थोडं कौतुकच वाटलं.

आणि ताईचे ४००? ती अँटीबॉडी वेगळीच, स्ट्रेप जे विष सोडतो त्यावरची, टॉडने १९३२ ला मोजायला सुरू केलेली. ती विष निकामी करते, जंतू खाववत नाही. त्या आकड्यावरून इतकंच कळतं की स्ट्रेप नुकताच येऊन गेला असावा, पण स्ट्रेपनंतर कधी कधी सांध्यांना आणि हृदयाला त्रास होतो, म्हणून गुडघ्यांचं आणि हृदयाचं डॉक्टरनाच तपासू दे.