खारवणे

कैरी, फणसाचे कच्चे गरे, आवळे, बिंबले अशी फळे-भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवून टिकवण्याची कोकण किनाऱ्यावरील घरगुती रीत. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर केलेल्या, बेगमीत तिचे स्थान मोठे. पावसात पेजेबरोबर खारातली कैरी किंवा खारातल्या गऱ्यांची भाजी हे तिचे परिचित रूप.

‘खार’ हा शब्द संस्कृत ‘क्षार’वरून आला, हे सर्वमान्य आहे, अडचण अर्थाची आहे. आयुर्वेदात क्षार म्हणजे वनस्पतींच्या राखेतून काढलेले दाहक द्रव्य, तर मीठ म्हणजे लवण. ‘लोणचे’ या लवणाशीच जोडले जाते. मग बरणीतल्या पाण्याला खार का म्हणावे? भरतीचे पाणी शिरणाऱ्या जमिनीला किनाऱ्यावर खारजमीन म्हणतात, तिच्यावरून हा अर्थ आला असे म्हणता येईल. परंतु ‘क्षारसमुद्र’ या शब्दात खारटपणाचा अर्थ संस्कृतातच दिसतो, त्यामुळे अर्थांतर बरेच जुने मानणे अधिक सयुक्तिक. ध्वनीवरून काळ ठरत नाही : मराठीत ‘क्ष’चा श झालेला आढळतो (क्षेत्र–शेत, मक्षिका–माशी), तसाच ख झालेलाही (क्षीर–खीर, रक्षा–राख).

रीतीचा काळही निश्चित सांगता येत नाही. मिरची पोर्तुगीजांबरोबर, बहुधा सोळाव्या शतकात आली. निव्वळ मिठावरचा खार तिच्या आधीचा असावा, पण केवळ मिरची नसण्यावरून तसे सिद्ध होत नाही.

खारवणे म्हणजे आंबवणेच, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे, आणि नवशिक्याची बरणी बहुधा इथेच फसते. भाजीच्या वजनाच्या २ ते ३ टक्के मीठ असेल, तर ल्युकोनोस्टॉक व लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणू साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. मीठ १० टक्क्यांच्या वर गेले की ही क्रिया मंदावते आणि टिकवण्याचे काम मुख्यतः मीठच करते. वर्षभराच्या कैऱ्या या दुसऱ्या वर्गात येतात. म्हणून त्या धुऊन किंवा भिजत घालून खाव्या लागतात. कोबी, मुळा, गाजर आंबवायला शिकणाऱ्याने ओंजळीचा अंदाज सोडून तराजू घ्यावा : किलोभर भाजीला २० ते २५ ग्रॅम मीठ.

बरणी चिनीमातीची किंवा काचेची, पूर्ण कोरडी. भाजी पाण्याखाली राहावी म्हणून वर धुतलेला दगड ठेवतात आणि तोंडाला दादरा बांधतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडेने बारीक बुडबुडे चढू लागतात, पाणी गढूळ होते, हिरवा रंग शेवाळी पडतो. आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून गेल्याचा हा परिणाम आहे. किनाऱ्यावरच्या उकाड्यात आंबटपणा चार-पाच दिवसांतच येतो, त्यामुळे थंड देशांतील आठवड्यांची मापे इथे लावू नयेत. पीएच (आम्लतेचे माप; आम्ल वाढले की हा आकडा उतरतो) ४.६च्या खाली गेला की बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूची वाढ होत नाही. वर येणारी पातळ पांढरी साय बहुधा यीस्टची असते, ती काढून टाकता येते; काळी-हिरवी लोकरीसारखी बुरशी दिसली, तर बरणी रिकामी करावी.

मीठ खडेच घेतात. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे परिचित झालेल्या सिंधुदुर्गातील शिरोड्याला मिठागरांची जुनी परंपरा आहे. खडेमिठातील कॅल्शियममुळे फोड करकरीत राहते असे मानतात.

उरलेला खार आमटीत मिठाच्या जागी घालतात.