दह्यातल्या जिवाणूंपासून मेंदूपर्यंत: अमिनो आम्लांची बाजू बदलणारी विकरं

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून म्हशीचं धारोष्ण दूध आणायचं, तापवून कोमट करायचं आणि रात्री चमचाभर विरजण लावायचं. सकाळी कवडी पडलेली असते. दूध आंबवता आंबवता त्यातले जिवाणू आणखी एक काम करतात: 'एल' अलानिन या अमिनो आम्लाचं, म्हणजे प्रथिनाच्या एका विटेचं, 'डी' अलानिन. दोन्हींत अणू तेच, जोडणीही तीच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. पायताणाच्या जोडातलं डावं उजव्या पायात बसत नाही, तसंच हे. ही अदलाबदल करणारी विकरं (एन्झाइम, पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) म्हणजे रॅसमेझ.

नाव द्राक्षांवरून आलं. लॅटिनमध्ये 'रॅसेमस' म्हणजे घड. द्राक्षांपासून मिळालेल्या रॅसेमिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक 1848 मध्ये लुई पाश्चरनं एकेक करून वेगळे केले. उजवे इकडे, डावे तिकडे. वय पंचवीस. उजव्या ढिगातून निघालं ते आपल्या चिंचेतलं टार्टारिक आम्ल, डाव्यातून त्याचं प्रतिबिंब. नुसत्या नजरेनं आणि चिकाटीनं केलेलं हे काम मला आजही थक्क करतं.

आपल्या पेशी प्रथिनं बांधतात ती 'एल' रूपांतूनच. मग 'डी' येतं कुठून? 1951 मध्ये वुड आणि गन्सॅलस यांनी एका स्ट्रेप्टोकोकस जिवाणूत अलानिन रॅसमेझ दाखवलं. हे विकर ब-6 जीवनसत्त्वापासून बनलेल्या सहविकराच्या (विकराला साथ देणाऱ्या छोट्या रेणूच्या) मदतीनं अलानिनच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन काढतं. क्षणभर तो भाग सपाट होतो आणि हायड्रोजन पलीकडच्या बाजूनं परत बसतो. बस्स, बाजू बदलली.

जिवाणूंना 'डी' अलानिन लागतं ते पेशीभित्तिकेचे धागे एकमेकांत विणायला. सायक्लोसेरिन हे औषध दिसायला अगदी 'डी' अलानिनसारखं. ते या विकरालाच अडकवतं. 1950च्या दशकात आलेलं हे औषध नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या क्षयावर आजही देतात.

बरीच वर्षं 'डी' रूपं म्हणजे जिवाणूंचाच कारभार, असं मानलं जाई. पण 1992 मध्ये उंदराच्या मेंदूत भरपूर 'डी' सेरिन सापडलं. 1999 मध्ये वोलोस्कर, स्नायडर आणि सहकाऱ्यांनी ते बनवणारं सेरिन रॅसमेझही मेंदूतून वेगळं केलं. शिकणं आणि लक्षात ठेवणं यांच्याशी जोडलेले एनएमडीए ग्राही (चेतापेशींवरचे संदेश टिपणारे रेणू) चालू व्हायला हे 'डी' सेरिन मदत करतं. आणि ते बनवणाऱ्या विकरालाही ब-6चं तेच सहविकर लागतं.