दुधाने नीलमाची परीक्षा होते का?

‘अस्सल नीलम दुधात टाकला की दूध निळं होतं, नकली टाकला तर पांढरंच राहतं.’ मोबाइल येण्याआधीपासून ही परीक्षा तोंडोतोंडी चालत आली आहे.

दूध निळं होत नाही. नीलम म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. लोह आणि टायटॅनियमच्या अंशाने आलेला निळा रंग स्फटिकाच्या जडणीतच असतो, तो दुधात उतरत नाही. मग निळसर झाक दिसते ती कसली? खडा पृष्ठभागाजवळ असला की त्यातून आलेला प्रकाश दुधात पसरतो. निळ्या बांगडीची काच पाणी घातलेल्या दुधात टाकून पाहा, तशीच झाक दिसेल. दूध खरोखर रंगलंच, तर उलट खड्यावर रंग चढवल्याची शंका घ्यावी.

वजनाची परीक्षा मात्र कामाची. सुटा खडा आधी हवेत तोला, मग बारीक तारेने पाण्यात लोंबकळता ठेवून. 5 कॅरटचा नीलम पाण्यात सव्वा कॅरटने हलका भरतो, कारण त्याची घनता पाण्याच्या चौपट आहे. साध्या काचेचा तेवढ्याच वजनाचा खडा जवळपास 2 कॅरटने. (अंगठीत बसवलेल्या खड्याला हे जमत नाही.)

कृत्रिम नीलम इथेही पास होतो, कारण रसायन तेच. जुन्या पद्धतीने बनवलेल्यात दहापट भिंगाखाली वक्र रेषा दिसतात, नैसर्गिकात रंगाचे पट्टे सरळ किंवा कोनात. रक्कम मोठी असेल तर प्रयोगशाळेचा दाखलाच मागावा, आणि त्यावर रंग खुलवण्यासाठी खडा तापवल्याची नोंद आहे का तेही वाचावं. भावात बराच फरक पडतो.