हरकती व सूचना : सार्वजनिक उद्याने व मैदाने

सार्वजनिक उद्यान, मैदान किंवा क्रीडांगण नव्याने मांडताना, दुरुस्त करताना वा त्याचा वापर बदलताना प्रशासनाने आराखडा जाहीर करून नागरिकांचे म्हणणे मागवण्याची रीत. जाहीर सुनावणी, प्रभागातील बैठक, वृक्ष प्राधिकरणापुढील (वृक्षतोडीच्या अर्जांवर निर्णय घेणाऱ्या स्थानिक मंडळापुढील) आक्षेप ही तिचीच रूपे होत. वृत्तपत्रातील निवेदन, ठरावीक मुदत व लेखी अर्ज हा तिचा नेहमीचा क्रम सर्वपरिचित आहे.

‘हरकत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबीत त्याचा अर्थ हालचाल. मराठीत मात्र तो अडथळा व पुढे आक्षेप या अर्थी रूढ झाला. ‘सूचना’ या शब्दाचे प्रशासकीय मराठीत दोन अर्थ होतात : कार्यालय नागरिकाला देते तीही सूचना आणि नागरिक कार्यालयाला करतो तीही सूचना. ‘जाहीर सूचने’ला उत्तर म्हणून ‘सूचना’ पाठवायची, असा हा व्यवहार आहे.

उगम : या रीतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. एक मत तिचा आरंभ स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांच्या भारतातील कामात शोधते. गेडिस १९१४ मध्ये भारतात आले व पुढील वर्षी मुंबई इलाख्यातील अनेक शहरांवर त्यांनी अहवाल लिहिले. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. शहर पाडून नव्हे तर पायी फिरून, रहिवाशांकडून समजून घेऊन, जेवढ्यास तेवढे दुरुस्त करावे, अशी त्यांची भूमिका होती. होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगच्या काळात त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढली आणि ज्या भागांत घरे व रस्ते उत्तम स्वच्छ होतील तेथूनच ती जाईल असे जाहीर केले. ही हकीकत त्यांच्याच लेखनातून पुढे आलेली असल्याने तिचे तपशील थोड्या सावधपणे घ्यावे लागतात. शिवाय लोकांना कामात सामील करून घेणे आणि आराखड्याला हरकत घेण्याचा अधिकार त्यांना देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेडिस यांच्याकडे पहिली ठळक दिसते, दुसरी नाही.

दुसरे मत पाश्चात्त्य देशांतील १९६०च्या दशकातील घडामोडींवर भर देते. ब्रिटनमध्ये १९६८च्या नगररचना कायद्याने आराखड्यांना प्रसिद्धी देणे बंधनकारक केले. १९६९ मध्ये नियोजनातील लोकसहभागावरील स्केफिंग्टन समितीचा अहवाल आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत शेरी अर्नस्टाइन यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. या शिडीत निव्वळ विचारविनिमयाला खालून चौथी पायरी मिळाली आहे : लोकांचे ऐकले जाते, पण ऐकलेले मानले जाईल याची हमी नाही. संकल्पनेच्या चिकित्सेसाठी ही मांडणी आजही उपयोगी आहे. पण महाराष्ट्राचा संबंधित कायदा तिच्याआधीचा, १९६६चा आहे.

तिसरे मत भूसंपादनाच्या कायद्याकडे बोट दाखवते व तेच अधिक पटण्यासारखे आहे. १८९४च्या भूसंपादन अधिनियमाने हितसंबंधी व्यक्तींना नोटीस देण्याची पद्धत घालून दिली. १९२३ मध्ये त्यात कलम ५-अ घालून संपादनालाच हरकत घेण्याची व सुनावणीची तरतूद झाली. दरम्यान १९१५चा मुंबई नगररचना अधिनियम आला. १९५४च्या अधिनियमाने विकास योजना (शहरातील जमिनीचा वापर ठरवणारा आराखडा) करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये हीच परंपरा पुढे चालू राहिली. त्यात एक मोठा फरक झाला. भूसंपादनात हरकत घ्यायची ती जमिनीत हितसंबंध असणाऱ्याने. विकास योजनेवर ती कोणतीही व्यक्ती घेऊ शकते. बागेत खेळायला येणाऱ्या मुलाच्या किंवा सकाळी फिरायला येणाऱ्या आजींच्या नावावर बागेची जमीन नसते. त्यांचे म्हणणे कायद्याच्या दारात येऊ शकते ते या एका शब्दबदलामुळे.

कायदेशीर चौकट : १९६६च्या अधिनियमाच्या कलम २६ नुसार प्रारूप विकास योजना राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते. कलम २८ नुसार नियोजन समिती हरकतदारांना सुनावणी देते. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य व जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल करायचा झाल्यास (उदा., खेळाच्या मैदानासाठी राखून ठेवलेल्या जागेचे आरक्षण बदलणे) कलम ३७ प्रमाणे पुन्हा हरकती मागवाव्या लागतात.

ही सर्व तरतूद नकाशावरील आरक्षणासाठी आहे. आरक्षण कायम ठेवून आतली बाग उकरली, माती बदलली, झाडांच्या जागी फरसबंदी केली, तर योजनेत फेरबदल होत नाही व हरकतीचा प्रश्नच उद्भवत नाही. पुनरुज्जीवनाच्या बाबतीत ही फार मोठी उणीव आहे, कारण जुन्या उद्यानांचे बरेवाईट बहुधा याच कामांत ठरते. परिणामी नागरिकांना आडवाटेने यावे लागते : १९७५च्या शहरी वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाडावर लावलेल्या नोटिशीला सात दिवसांत आक्षेप, मुंबईत १९९५च्या नियमावलीनुसार वारसा संवर्धन समिती, आणि अखेरीस उच्च न्यायालय. मुंबईतील ओव्हल मैदानाचे १९९०च्या दशकातील पुनरुज्जीवन रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितल्यावरच मार्गी लागले.

राणीची बाग : भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचे उदाहरण यासंबंधात विशेष बोधक आहे. पश्चिम भारतातील कृषी-उद्यानविद्या संस्थेची आधीची बाग शिवडीला होती. भायखळ्याच्या बागेच्या स्थापनेचे साल काही ठिकाणी १८६१ दिले जाते. तथापि लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती १९ नोव्हेंबर १८६२ रोजी खुली झाली, ही नोंद अधिक ग्राह्य वाटते. १८६१ हे बहुधा कामाच्या आरंभाचे साल असावे. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. प्राणिसंग्रहालयासाठी १८९०च्या सुमारास सुमारे १५ एकर जागा जोडली गेली. बाग मूळची वनस्पतिउद्यान आणि प्राणी मागाहून आले, हा क्रम पुढील वादाच्या मुळाशी आहे.

२००७च्या सुमारास महानगरपालिकेने थायलंडमधील सल्लागार नेमून सुमारे ४३३ कोटी रुपयांचा पुनर्विकास आराखडा पुढे आणला. तो प्राणिसंग्रहालय केंद्रस्थानी ठेवणारा होता. बागेत सुमारे तीन हजार वृक्ष आहेत. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी अशा वृक्षांसाठी ती अभ्यासकांना परिचित आहे. वृक्षप्रेमी व वनस्पतितज्ज्ञ नागरिकांनी ‘राणीबाग वाचवा’ मोहीम उभारली. निव्वळ विरोधपत्रांवर न थांबता त्यांनी झाडांच्या नोंदी केल्या, लोकांना बागेत फिरवून झाडे दाखवली आणि वारसा समितीपुढे बाजू मांडली. मूळ आराखडा मागे पडला व पुष्कळ आटोपशीर केलेला आराखडा राबवला गेला. हंबोल्ट पेंग्विनांचे दालन मार्च २०१७ मध्ये खुले झाले. नागरिकांनी स्वतः गोळा केलेली माहिती हीच येथे सर्वांत वजनदार हरकत ठरली, असे म्हणता येते.

इतर घडामोडी : मुंबईच्या विकास योजनेचे पहिले प्रारूप हरकतींच्या वर्षावानंतर एप्रिल २०१५ मध्ये रद्द झाले व सुधारित योजना २०१८ मध्ये अमलात आली. मोकळ्या जागा खासगी संस्थांकडे सोपवण्याच्या ‘दत्तक’ व ‘काळजीवाहू’ तत्त्वांवर दीर्घ वाद झाला. २०१६ मध्ये त्या धोरणाला स्थगिती मिळाली आणि २०२३ मध्ये नवा मसुदा हरकतींसाठी खुला झाला. दादरच्या शिवाजी पार्कात लाल माती पसरल्यावर उडणाऱ्या धुळीचा प्रश्न रहिवाशांनी प्रदूषण नियंत्रण मंडळापर्यंत नेला. तेथे विचारविनिमय झाला तो काम झाल्यानंतर.

पुणे महानगरपालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवते. त्यांत उद्यानांतील बाके, पायवाटा अशी लहान कामेही असतात. क्षेत्रसभेची (प्रभागातील छोट्या भागातल्या मतदारांच्या सभेची) तरतूद राज्यात २००९च्या दुरुस्तीने झाली, पण व्यवहारात ती फारशी उतरली नाही. गोव्यात प्रादेशिक आराखडा २०११ हा लोकआंदोलनानंतर २००७ मध्ये रद्द झाला आणि त्यापुढील आराखड्यासाठी गावोगावी नकाशे पाठवून म्हणणे मागवण्यात आले.